उपास कोणी मोडला?

१

मठाधिपती ऑस्विन गुरुवारी दुपारी जेवायला बसले आणि दोन तासांत गेले. शुक्रवारी सकाळी मी मेरविकच्या मठात पोचलो, तेव्हा त्यांना प्रार्थनाघरात आणून ठेवलं होतं. वीस मठवासी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि एकही दुसऱ्याकडे बघत नव्हता.

मी हम्फ्री लेकन, ह्या परगण्याचा कोरोनर. कोणी अवेळी मेलं की बारा पंच गोळा करायचे, प्रेत बघायचं आणि मरण कशानं आलं ते राजाच्या नावानं लिहून द्यायचं, हा माझा धंदा. आठव्या हेन्रीच्या राज्यात ह्या धंद्याला मंदी म्हणून ठाऊक नाही. राजाचं पोपशी बिनसल्यापासून तर कोण कशापायी मरेल ह्याचा नेम राहिला नव्हता. मठ एकामागून एक राजाच्या घशात चालले होते. मेरविकचा मठ अजून उभा होता, कारण ऑस्विन स्वाधीनपत्रावर सही करत नव्हते.

उपमठाधिपती सिल्वेस्टर मला फाटकातच भेटले. गोल चेहरा, गोड जीभ. मेलेल्याची जागा आपल्याला मिळते की मुळात जागाच उरत नाही, ह्या घोरात ते दिसले.

"या, या, कोरोनरसाहेब. तुम्हाला फार त्रास पडणार नाही. विष कोणी घातलं ते कळलंय. बाई कोंडून ठेवलीय."

"विष? आणि कोणती बाई?"

आम्ही पाहुण्यांच्या घरावरून चाललो होतो. खिडक्यांखाली मठाचं तळं आहे. काठावर दोन बदकं उताणी पडली होती.

"ही काय भानगड?"

"मेली असतील गारठ्यानं," सिल्वेस्टर म्हणाले. "ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपास, कोरोनरसाहेब. बदकांकडे बघतो कोण? सुरीची भीती नाही म्हणून माजतात आणि मग अशी फुकट मरतात."

"ब्रदर, मी बाई विचारली."

"तुमची मेहुणी. सिसली पास्क."

विष घालणाऱ्याला आमच्याकडे फाशी नसते. आठ वर्षांपूर्वी राजानं त्यासाठी वेगळा कायदा केला. भर बाजारात कढई चढवतात आणि माणसाला जिवंत उकळतात.

२

सर पियर्स हॅव्हरिल हे राजाचे कमिशनर, मठ ताब्यात घ्यायला आलेले. पाहुण्यांच्या घरात ते न्याहारी करत होते. वाळकी हेरिंग मासळी आणि कोरडा पाव. उंच, हाडकुळा माणूस. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचा.

"बसा, लेकन. नात्यातलं प्रकरण आहे हे मला माहीत आहे. तरी तुम्हाला अडवत नाही. ह्याला उपकार म्हणतात."

"झालं काय, ते सांगाल?"

"सांगतो. यंदा राजेसाहेबांनी जाहीर केलंय, उपासात दूध, चीज, अंडी खुशाल खा. मी तीन रविवार व्यासपीठावरून घसा फोडून सांगतोय की हा उपास म्हणजे पोपनं पोसलेलं ढोंग आहे. ऐकतो कोण? म्हणून बुधवारी सगळ्या मठासमोर सांगितलं, उद्या मला दूध-अंड्यांचा टार्ट पाहिजे. तुमच्या मेहुणीची दूधदुभत्याची ख्याती ऐकली होती. तिला बोलावलं."

"आणि मठाधिपतींनी तो खाल्ला? ऑस्विननी?" मला खरंच वाटेना. ह्या माणसानं तापानं फणफणलेला असतानाही उपासात दुधाचा थेंब घेतला नव्हता. सगळा परगणा हे सांगायचा.

"आपण होऊन नाही. मी म्हणालो, राजाज्ञा मानत असाल तर अर्धा तुम्ही खा. नाही खाल्लात तर मी लिहीन की मेरविकच्या मठात वीस बंडखोर राहतात. विचारलं, वीस जणांना एकाच दिवशी लटकवलेलं मी पाहिलंय, फादर, तुम्ही पाहिलंय का? मग त्यांनी खाल्ला."

"आणि तुम्ही?"

"अर्थात मीही. वीतभर टार्ट, मधोमध कापलेला. एक तुकडा त्यांनी खाल्ला, एक मी. ते मेले, मी तुमच्यासमोर बसलोय. म्हणजे विष एकाच तुकड्यात होतं. कापलं कोणी? वाढलं कोणी? मागच्या वर्षी मठाच्या कुरणातून तिच्या गाई हाकलल्या, तेव्हा तिनं फाटकात उभं राहून ऑस्विनना काय काय शिव्या दिल्या, ते गावाला तोंडपाठ आहे."

हे मात्र खरं होतं. सिसलीच्या जिभेला हाड नाही.

"काल संध्याकाळीच मी हे सगळं शपथेवर लिहून लंडनला स्वार पाठवलाय," सर पियर्स म्हणाले. "उद्या दुपारी मी निघतो. बाई माझ्याबरोबर येईल."

३

तिला खाऱ्या माशांच्या कोठीत कोंडलं होतं. दोन पिंपांच्या मध्ये, गुडघे जवळ घेऊन बसली होती. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारात तिची उस्तवार हिनंच काढली, कपाळाला आठी न घालता.

"आलात का भावोजी? मला वाटलं, आधी प्रेत बघाल. ते बरं, शिव्या देत नाही."

"सिसली, थट्टा पुरे. पहिल्यापासून सांग."

"पहिल्यापासून म्हणजे? टार्ट केला. मेले ते. संपलं." मग ती नीट सांगू लागली. "इथल्या मोठ्या स्वयंपाकघरात मला शिरू देईनात. उपासात दूध-अंडं शिजवायचं ते फक्त आजाऱ्यांच्या चुलीवर, असा त्यांचा नियम. म्हणून ब्रदर वुल्स्टनच्या दवाखान्यात गेले. गरीब बिचारा, त्यानं चूल पेटवून दिली. पिठाची पारी, आत अंडी, दूध, चीज, केशर, मध, आलं. चांगला झाला होता हो. निवायला खिडकीत ठेवला आणि विहिरीवर हात धुवून आले."

"तेव्हा तिथं कोण होतं?"

"कोण असणार? दोन म्हातारे खाटेवर घोरत होते. वुल्स्टन औषधं कुटत होता. सिल्वेस्टर एकदा डोकावून गेले, वास घेऊन. त्यांना कुठं वास आला नाही असं झालंय का?"

"मग?"

"मग नेला. त्या साहेबानं सांगितलं, मधोमध काप. कापला. दोघांच्या ताटात वाढला. लगेच म्हणाला, जा बाहेर. गेले. नाहीतरी त्या माणसाला माझं काही गोड लागत नाही. तीन दिवस ताजं लोणी पाठवतेय, तिन्ही दिवस गोळा जसाच्या तसा परत. पाव कोरडा चावतो मेला. म्हटलं, टार्ट तरी खाईल."

मी उठलो. तिनं माझी बाही धरली.

"भावोजी, ते उकळतात ते खरं का हो? लगेच जातो का जीव?"

जीव लगेच जात नाही. मी एकदा बघितलंय, तेही कामाचा भाग म्हणून.

"पर्नेलला नका सांगू," ती म्हणाली. पर्नेल तिची मुलगी; चक्कीवाल्याच्या मुलाशी ईस्टरनंतर तिचं लग्न ठरलं होतं. "तिला सांगा, आई मठात कामाला राहिलीय."

४

सिल्वेस्टर जेवणाच्या वेळी त्या खोलीतच होते. त्यांना मी चांगलं पिळलं.

"मी काय बघणार?" ते म्हणाले. "जेवण चालू असताना एकानं पोथी वाचायची आणि नंतर जेवायचं, अशी आमची रीत. काल पाळी माझी. डोळे पानावर. सर पियर्स धमकावत होते ते ऐकलं, मग मठाधिपती म्हणाले, 'देवा, माझ्या लेकरांसाठी,' आणि गप्प झाले. मान वर केली तेव्हा डोळे मिटून घास गिळत होते. गालांवर पाणी."

"सर पियर्सना खाताना बघितलंत?"

"ताट रिकामं बघितलं. एवढं पुरत नाही का?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मठाधिपतींच्या हट्टानं आम्ही सगळे फासावर जाणार होतो, हे मी कबूल करतो. सही करा, तनखा घ्या, मोकळे व्हा, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं. पण मारायचं? मला कोंबडी मारताना बघवत नाही. खाताना बघवते."

"पुढं?"

"तासाभरानं म्हणाले, तोंडाला मुंग्या आल्यात. मग हात गार, मग उभं राहवेना. वुल्स्टनला हाक मारली. तो धावत आला आणि दारातूनच ओरडला, 'फादर, तुम्ही तो का खाल्लात?' मरणाऱ्या माणसाला उपास मोडल्याबद्दल कोणी बोलतं का? मला तर रागच आला. नाडी बघायची सोडून गडी पाय धरून रडत बसला."

दवाखान्यात ब्रदर वुल्स्टन एका म्हाताऱ्या मठवाशाला चमच्यानं पेज भरवत होता. साठीचा, मोठ्या हातांचा माणूस. चाळीस वर्षांपूर्वी ऑस्विननीच त्याला रस्त्यावरून उचलून मठात आणलं होतं.

"कोणतं विष, ब्रदर?"

"बचनाग," तो लगेच म्हणाला. "तोंडात मुंग्या, हातपाय गार, मग काळीज थांबतं. सांधेदुखीला मी त्याचं तेल चोळतो. मुळी त्या फळीवर असते. कुलूप नाही. इथं येणारा कोणीही घेऊ शकतो."

"सिसलीनं घेतली असेल?"

चमचा हवेतच थांबला. "ती का घेईल?"

"तिला उद्या घेऊन जाणार आहेत. कढईत घालायला."

पेज चादरीवर सांडली. त्यानं ती पुसली, पुन्हा पुसली, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तुम्ही हुशार आहात असं म्हणतात, लेकनसाहेब. मग बघा ना नीट."

५

नीट बघायचं म्हणजे कुठं? मी तळ्याकडे गेलो.

बदकं अजून तिथंच होती. एकाचं पोट मी सुरीनं फाडलं. आत पिवळा, चिकट गोळा निघाला. केशर, आणि पिठाच्या पारीचा जाड तुकडा. कण बोटावर घेऊन जिभेच्या शेंड्याला लावला आणि लगेच थुंकलो. थोड्या वेळात जिभेला मुंग्या आल्या, मग तेवढी जागा बधिर झाली. वर बघितलं. डोक्यावर सर पियर्सच्या खोलीची खिडकी होती.

मग मी दगडावर बसलो आणि डोकं धरलं.

एक तुकडा ऑस्विननी खाल्ला, सिल्वेस्टरांच्या देखत. मग ह्या बदकांच्या पोटात गेला तो दुसरा. म्हणजे सर पियर्सनी टार्ट खाल्लाच नाही. ऑस्विन डोळे मिटून गिळत होते तेव्हा त्यांनी आपला तुकडा बाहीत सरकवला आणि खोलीत आल्यावर खिडकीतून फेकला. आणि दोन्ही तुकडे विषारी असतील तर विष कापल्यावर घातलेलं नाही. ते आधीच, सबंध टार्टमध्ये होतं. सिसलीनं कापलं-वाढलं म्हणून उभा केलेला सगळा पुरावा इथंच गळून पडला.

मग सर पियर्सनी घातलं असेल? विष माहीत असलेला माणूस ते आपल्याच खिडकीखाली फेकत नाही. शिवाय त्यांना ऑस्विन जिवंत हवे होते. सही मेलेल्याची होत नाही. त्यांनी तुकडा का टाकला, ते सिसलीनं न कळत सांगितलं होतं. तीन दिवस लोण्याचा गोळा परत जात होता. लोणी नाही, चीज नाही, अंडं नाही, कोरडा पाव आणि उपासाला चालणारी हेरिंग. उपासाला ढोंग म्हणून शिव्या देणारा हा माणूस स्वतः कडक उपास करत होता. जुना धर्म त्याच्या पोटातून गेला नव्हता.

आता उरलं एकच. ऑस्विनना मारायचं असतं तर त्यांना ओळखणाऱ्यानं विष माशात घातलं असतं, वाटाण्यात घातलं असतं. उपासात दुधाच्या टार्टमध्ये कधीच नाही. टार्ट कोणासाठी आहे हे अख्ख्या मठानं ऐकलं होतं. विष सर पियर्ससाठी होतं. त्यांच्या मरणात सिल्वेस्टरांचं नुकसान, कारण तनखा देणारा तोच हात. मग टार्ट निवत असताना त्याच्याजवळ होता कोण? आणि खोलीत नसतानाही, ऑस्विन कशानं पडले हे दारातूनच ओरडला कोण?

मी दवाखान्यात परत गेलो. वुल्स्टन माझी वाट बघत असल्यासारखा बाकावर बसला होता.

"तू दारातून ओरडलास ते उपास मोडल्याबद्दल नव्हतं," मी म्हणालो.

"नाही."

"पाहुण्यासाठी घातलंस."

"हो." आवाज अगदी सरळ होता. "फादर सही करणार नव्हते. दोन दिवसांत तो माणूस त्यांना बेड्या घालून नेणार होता. मला दुसरं काय सुचणार? मी विचार केला, लेकनसाहेब, अगदी नीट विचार केला. फादर त्याला शिवणार नाहीत, चाळीस वर्षांत शिवले नाहीत. आणि तो खाणारच, रोज ओरडून सांगतोय. वाचून झाल्यावर सिल्वेस्टरांसाठी तुकडा उरला असता, तर ताटच उधळलं असतं मी. मुळी किसून वरून मध ओतला."

"आणि?"

"आणि ज्यानं चाळीस वर्षं उपास पाळला त्यानं तो मोडला, आमच्यासाठी. आणि ज्यानं उपासाला शिव्या दिल्या त्यानं पाळला?" मी मान डोलावल्यावर तो हसला. तसलं हसू मी पुन्हा बघू नये. "मग ह्या राज्यात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवून माणसानं पापसुद्धा करावं?"

"तुला हे उद्या सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

"सांगतो. चला, आत्ताच सांगतो. मला उकळू द्या. ते बरं, आतून उकळण्यापेक्षा."

६

शनिवारी सकाळी मी बदकाच्या पोटातला तो गोळा फडक्यात बांधून सर पियर्ससमोर ठेवला आणि जे कळलं ते सांगितलं. वुल्स्टनचं सांगितलं, लोण्याचं सांगितलं. त्यांनी उठून दार आतून लावलं.

"तुम्ही मला खुनी म्हणा, लेकन," ते शेवटी म्हणाले. "खुशाल म्हणा. हट्टी मठाधिपती मेला म्हणून लंडनला कोणी रडणार नाही. पण मी उपास करतो असं म्हणू नका."

"तुम्ही शपथेवर खोटं लिहिलंत. त्या खोट्यासाठी एका बाईला जिवंत उकळायला निघालात."

"दुसरं काय करू? प्रेत पडलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि तोंडातून गेलं, मीही खाल्लं. एकदा गेलेलं परत कसं घेऊ?" ते खिडकीशी गेले. "माझी आई मरताना म्हणाली होती, बाकी काय वाटेल ते कर, चाळीस दिवस पाळ. एवढंच पाळतो. बाकी सगळं सोडलंय मी. सगळं."

मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःची चीड आली.

"वुल्स्टन कबूल करायला तयार आहे," मी म्हणालो. "एकाच तुकड्यात घातलं असं म्हणेल, तुमचं नाव न घेता."

"लंडनला नेऊन ताणतील त्याला. सांधे निखळले की माणूस सगळं खरं बोलतो. नाही." ते वळले. आता पुन्हा कमिशनर झाले होते. "विष नव्हतंच. म्हातारा माणूस, झटका आला. पहिल्या धक्क्यात मी विष समजलो, कोरोनरनं माझी चूक दाखवली. दोघांनी खाल्लं, एक जण देवाच्या इच्छेनं गेला. माझी शपथ शाबूत, तुमची मेहुणी मोकळी. पंच तुमचं ऐकतात."

"आणि वुल्स्टन?"

"गुन्हाच नाही तर गुन्हेगार कुठला? आणखी एक. ऑस्विननी जेवणाआधी स्वाधीनपत्रावर सही केली होती. शिक्का सिल्वेस्टर आणून देतील. साक्षीदार तुम्ही."

"मी गुरुवारी इथं नव्हतो."

"आता होतात."

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. ऑस्विन जी गोष्ट वीस गळ्यांच्या धमकीनंही देत नव्हते, ती मी एका गळ्यासाठी द्यायची होती. खाली अंगणात घोड्यांना खोगीर चढत होतं आणि सिसलीला दोरखंडानं बांधून बाहेर आणलं होतं.

मी साक्ष घातली. पंचांनीही अंगठे उठवले. कोणालाच कढई बघायची हौस नव्हती. 'ईश्वराच्या इच्छेने मृत्यू' असं मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं. ते फडकं सर पियर्सनी चुलीत टाकलं.

७

ईस्टरपूर्वीच मठाच्या छपराचं शिसं उतरवलं. घंटा फोडून गाड्यांत भरल्या. मठवासी चार वाटांनी गेले. सिल्वेस्टरांना तनखा मिळाला, तो खायला ते बहिणीकडे गेले. वुल्स्टन मात्र गावातच राहिला आणि रोज माझ्या दाराशी यायला लागला.

"लिहून घ्या ना माझा जबाब."

"काही घडलंच नाही, ब्रदर. काय लिहू?"

"मी माझ्या बापाला मारलं, लेकनसाहेब. निदान पाप तरी म्हणा त्याला."

मी दार लावून घ्यायचो. एका बाजाराच्या दिवशी तो चौकातल्या क्रुसाच्या पायरीवर चढला आणि मोठ्यानं ओरडला, "विष मी घातलं! सिसली पास्कनं नाही, मी घातलं!"

लोक थांबले. मग बायका डोळे पुसायला लागल्या. कोणी त्याला खाली उतरवलं, कोणी हातात पाव दिला. "देवमाणूस आहे," मासेवाली म्हणाली. "त्या बयेचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतोय." तोपर्यंत गावात निम्मे लोक म्हणत होते की विष होतं आणि कोरोनरनं मेहुणी म्हणून दडपलं. त्या दिवसापासून सगळेच म्हणायला लागले.

सिसलीचं दूध कोणी घेईना. गाई दूध द्यायच्या आणि ती ते नाल्यात ओतायची. चक्कीवाल्यानं पर्नेलचं लग्न मोडलं, माणूस पाठवून, तोंड न दाखवता.

पुढच्या बाजाराच्या सकाळी सिसली माझ्याकडे आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"भावोजी, तुम्ही माझा जीव वाचवलात. त्याचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत. पण निर्दोष कुठं ठरवलंत मला?"

"सिसली, तुला कढईतून काढायचा दुसरा रस्ता नव्हता."

"असेल. मला काय कळतं कागदातलं? विष नव्हतंच असं तुम्ही लिहिलंत. आणि लोकांच्या मते ते होतं आणि मी घातलं. मधल्या मध्ये मी कुठं उभी राहू?" ती रडत नव्हती. "खरं काय ते तुम्हाला माहीत आहे. मला सांगूही नका. फक्त एकदा चौकात उभं राहून म्हणा, ह्या बाईनं केलं नाही. वुल्स्टनचं ऐकलं नाही, तुमचं ऐकतील. तुम्ही कोरोनर आहात. पर्नेलसाठी म्हणा."

तिनं केलं नाही असं म्हटलं की कोणीतरी केलं असं झालं. कोणीतरी केलं की पंचनामा खोटा, पंचनामा खोटा की साक्ष खोटी. मग सर पियर्स, मग मी, मग मेलेल्या माणसाच्या सहीसाठी फासाचा दोर. एका वाक्यामागं एवढं सगळं रांगेनं उभं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. येतो म्हणालो.

आणि गेलोही. चौक भरला होता. मी क्रुसाच्या पायरीवर चढलो, टोपी काढली. लोक एकेक करून गप्प झाले. समोर लोहाराच्या दुकानाशी सिसली उभी होती, एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात पर्नेलचा हात. चक्कीवाला होता, त्याचा मुलगा होता. मागं, घोड्याला पाणी पाजत, सर पियर्सचा माणूस होता. की मला तसं वाटलं, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

"पुढच्या गुरुवारी," मी म्हणालो, "पंचांची बैठक चर्चमध्ये भरेल. सगळ्यांनी वेळेवर यावं."

लोक पुन्हा भाव करायला लागले. मी टोपी घातली. पर्नेल आईला काहीतरी विचारत होती. सिसलीनं माझ्याकडे बघून मान हलवली, बाजारात ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात तशी, बोचकं डोक्यावर घेतलं आणि दोघी उत्तरेच्या रस्त्याला लागल्या.